क्रिएटिनिन १.०, रिपोर्ट नॉर्मल, आणि वजन मात्र पुस्तकात जुनंच

केळीपट्टा (११ मे, रात्री ९.१०)

नमस्कार. मी चोपडा तालुक्यातली, वय ४७. २००८ पासून एआरटीवर, म्हणजे एचआयव्हीच्या औषधांवर आहे. इथे रोज वाचते, लिहायची ही पहिलीच वेळ. आधी काय झालं ते सांगते, मग विचारते.

आमच्या वेळी स्टॅव्हुडीनची गोळी होती. तिने माझे गाल बसले, तळपायाला कायमच्या मुंग्या लागल्या. २०१३ ला टेनोफोव्हिरवाली रात्रीची एकच गोळी मिळाली तेव्हा देव पावल्यासारखं वाटलं. २०२१ ला टीएलडी सुरू झाली, म्हणजे टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडीन आणि डोलुटेग्राव्हिर एकाच गोळीत. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूंचा आकडा, दरवर्षी चांगला येतो. गोळी एकदाही चुकवलेली नाही, मुलीच्या हळदीच्या दिवशीसुद्धा पदराच्या गाठीत बांधून ठेवली होती.

गेल्या दिवाळीपासून टाचा आणि बरगड्या दुखायला लागल्या. मी केळीच्या पॅकिंगवर जाते, फण्या धुवायला दिवसभर पाण्यात उभं राहावं लागतं. म्हटलं त्याचंच असेल. गावातल्या दवाखान्यातून डायक्लोफेनॅक आणायची, फारच दुखलं तर इंजेक्शन घ्यायची. दोन दिवस बरं, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. असे चार-पाच महिने गेले. पुढे पुढे ओट्याची पायरी चढताना मांडीत जीव राहिना. एआरटी सेंटरवर रक्त काढलं, किडनीसाठी बघतात ते क्रिएटिनिन १.० आलं. नॉर्मल आहे म्हणाले. मीही निर्धास्त झाले.

मार्चमध्ये एक दिवस गाडी भरून गेली, आम्ही बाया बसलो होतो. खोकी मोजायच्या काट्यावर एक एक जण उभी राहून वजन बघत होती. मी उभी राहिले तर ४१. मला वाटलं काटा चुकला. दुसरी उभी राहिली, तिचं बरोबर आलं. घरी येऊन सेंटरचं हिरवं पुस्तक काढलं. ४८, ४८, ४८. २०१९ पासून प्रत्येक भेटीला ४८. रांग मोठी असायची, "ताई, वजन किती?" विचारायचे आणि मी ४८ सांगायची. तेच लिहिलं जायचं.

मग जळगावला पैसे भरून तपासण्या केल्या. लघवीत प्रोटीन दोन प्लस, साखर एक प्लस. रक्तातली साखर उपाशीपोटी ९४, म्हणजे मला मधुमेह नाही. फॉस्फरस १.९, पोटॅशियम ३.३. सेंटरची तारीख २६ मेची आहे. तोवर गोळी बंद ठेवू का? शेजारची म्हणते किडनीचं आहे तर केळी बंद कर. आमच्याकडे केळी बंद म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको.

भुसावळकर (११ मे, रात्री ९.३२)

ताई, गोळी बंद करू नका. बाकीचं जाणकार सांगतीलच, पण हे आधी वाचा.

तापीकाठ (११ मे, रात्री १०.०५)

ताई, मी डॉक्टर आहे, काही वर्षं एआरटी सेंटरवर काम केलंय. तुम्हाला तपासल्याशिवाय निदान करणार नाही, पण तुम्ही दिलेले आकडे बोलके आहेत.

पहिली गोष्ट, २६ तारखेची वाट बघू नका. उद्याच जा. त्रास होत असेल तर तारखेआधी जाता येतं. सगळे रिपोर्ट, पुस्तक आणि दुखण्याच्या ज्या गोळ्या घेतल्या त्यांची पाकिटं सोबत न्या. आत शिरताच "माझं वजन करा" म्हणा.

दुसरी गोष्ट, डायक्लोफेनॅक आजपासून बंद. आयबुप्रोफेन, असिक्लोफेनॅक, निमेसुलाइड ही त्याच घरातली भावंडं. दुखलं तर पॅरासिटामॉल.

तिसरी, टीएलडी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. पूर्वी सीडी फोर, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा, चांगला असला की गोळ्या थांबवून बघावं, म्हणजे औषधाचे दुष्परिणाम टळतील, असा विचार होता. त्यावर स्मार्ट नावाचा मोठा अभ्यास झाला, ५,४७२ जण होते, २००६ साली तो छापून आला. थांबवणाऱ्यांमध्ये मृत्यू वाढले. हृदय, यकृत आणि किडनीचे गंभीर आजारही त्यांच्यातच जास्त निघाले. किडनी वाचवायला औषध सोडलं आणि किडनीच जास्त बिघडली, असं ते झालं. तुमच्याकडे औषध बदलण्याचा मार्ग आहे, थांबवण्याची गरज नाही.

आता काय घडत असावं ते. किडनीत रक्त गाळणाऱ्या बारीक जाळ्या असतात आणि त्यांच्यापुढे नळ्या. जाळीतून गाळलेल्या पाण्यात साखर, फॉस्फरस, पोटॅशियम असं कामाचं पुष्कळ वाहून येतं. नळ्या ते वेचून परत रक्तात घालतात. शेतातून कापूस गेल्यावर मागे राहिलेली बोंडं वेचावीत तसं. टेनोफोव्हिर शरीराबाहेर जाताना त्यातलं काही याच नळ्यांच्या पेशींतून जातं, आणि काही जणांत तिथे साचून पेशींना इजा करतं. मग वेचणंच बंद पडतं. रक्तात साखर नॉर्मल असून लघवीत येते. फॉस्फरस वाहून जातो, तो हाडांतून भरून काढला जातो आणि हाडं मऊ पडतात. टाचा, बरगड्या, मांड्या दुखतात. याला फॅन्कोनी सिंड्रोम म्हणतात. हे सगळ्यांना होत नाही. टेनोफोव्हिर घेणाऱ्या बहुतेकांच्या किडन्या वर्षानुवर्षं ठणठणीत राहतात. वजन कमी असणारे, वय वाढलेले, बीपी-शुगरवाले आणि दुखण्याच्या गोळ्या घेणारे यांना धोका जास्त.

तुमच्या बाबतीत हाडं दुखण्याचं मूळ किडनीत असावं, आणि त्या दुखण्यासाठी घेतलेल्या गोळीने किडनीवरच भार टाकला.

आणखी एक, सात किलो वजन उतरलंय. खोकला, ताप, रात्रीचा घाम आहे का? टीबीची तपासणी झालीच पाहिजे. ती किडनीच्या गडबडीत राहून जायला नको.

प्रयोगशाळेतला (१२ मे, सकाळी ७.२०)

धुळ्यात ३१ वर्षं लॅबमध्ये काढली, आता निवृत्त आहे. क्रिएटिनिन १.० नॉर्मल कसं आणि नाही कसं, ते सांगतो. हे प्रत्येकाने समजून घ्यावं असं मला फार वाटतं.

क्रिएटिनिन तयार होतं स्नायूंत. अंगात मांस कमी, तर क्रिएटिनिन मुळात कमीच बनणार. हाडकुळ्या बाईची किडनी अर्धी काम करत असली तरी रक्तात ते १.० च दिसू शकतं. लॅबच्या कागदावर छापलेली मर्यादा सगळ्यांना सारखी असते, तिथे वजन विचारलेलं नसतं. म्हणून कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट या दोघांनी १९७६ साली एक हिशोब दिला, तो आजही चालतो. १४० मधून वय वजा करा. येईल त्याला वजनाने गुणा. ७२ ला क्रिएटिनिनने गुणून त्याने भागा. बाई असेल तर शेवटी ०.८५ ने गुणा.

ताईंचा हिशोब. १४० वजा ४७ म्हणजे ९३. पुस्तकातलं वजन ४८ धरलं तर ९३ गुणिले ४८, भागिले ७२, गुणिले ०.८५. उत्तर ५२.७. काट्यावरचं ४१ धरलं तर ४५. टेनोफोव्हिर द्यायचं की नाही याची सरकारी रेघ ५० वर आहे. त्या सात किलोंनी ताईंना रेघेच्या या बाजूला दाखवलं, प्रत्यक्षात त्या पलीकडे होत्या. हेच १.० तीस वर्षांच्या ७० किलोच्या गड्याचं असतं तर उत्तर १०७ आलं असतं.

लघवीच्या पट्टीबद्दलही सांगतो. पट्टीला अल्ब्युमिन नावाचं मोठं प्रोटीन चांगलं कळतं, नळ्यांतून गळणारं बारीक प्रोटीन नीट कळत नाही. ताईंची पट्टी दोन प्लस आली, पण पट्टी कोरी असली तरी बिनधास्त राहू नये. शंका असेल तर लघवीतल्या प्रोटीन आणि क्रिएटिनिनचं गुणोत्तर करून घ्या. आणि लघवीत साखर दिसली की आधी विचारा, डॅपाग्लिफ्लोझिन चालू आहे का? मधुमेहाच्या त्या गोळीचं कामच लघवीतून साखर बाहेर टाकणं आहे. तिथे घाबरायचं कारण नाही.

भुसावळकर (१२ मे, सकाळी ९.४५)

काका, मग माझंही बघा. वय ५२, वजन ६८. टीएलडी सुरू होण्याआधी क्रिएटिनिन ०.९ होतं, महिनाभरात १.१ झालं. तीन वर्षं तिथेच आहे. लघवी साफ. शुगर आहे, मेटफॉर्मिन ५०० सकाळी-संध्याकाळी. दर वेळी रिपोर्ट हातात घेताना छातीत धस्स होतं.

तापीकाठ (१२ मे, दुपारी १.१५)

भाऊ, तुमचं १.१ बहुतेक डोलुटेग्राव्हिरमुळे आहे. क्रिएटिनिन थोडं जाळीतून गाळलं जातं आणि थोडं नळ्या बाहेर टाकतात. डोलुटेग्राव्हिर हे दुसरं दार अडवतं. त्यामुळे पहिल्या चार आठवड्यांत आकडा ०.१ ते ०.२ ने चढतो आणि तिथेच थांबतो. गाळणं तेवढंच असतं. तुमचा हिशोब सत्तरीच्या पुढे येतोय. चढून थांबलं तर काळजी नाही, दर खेपेला चढतच राहिलं तर दाखवायचं. फारच शंका असली तर सिस्टॅटिन-सी नावाची तपासणी असते, तिच्यावर या अडवणुकीचा परिणाम होत नाही.

मेटफॉर्मिन मात्र याच दारातून जातं, म्हणून डोलुटेग्राव्हिरसोबत दिवसाला एकूण १००० च्या वर जायचं नसतं. तुम्ही बरोबर काठावर आहात. शुगरच्या डॉक्टरांनी डोस वाढवायचं म्हटलं तर त्यांना हे सांगावं लागेल. किडनीला मुख्य धोका तुमच्या बाबतीत शुगर आणि बीपीचाच आहे. आपल्यातले बरेच जण आता पन्नाशी-साठीला पोचले, ही किती मोठी गोष्ट आहे. पण त्या वयाचे आजारही सोबत येणार.

भुसावळकर (१२ मे, दुपारी १.४०)

डॉक्टर, तीन वर्षांचा घोर गेला.

हायवेवाला (१२ मे, रात्री ११.२०)

मी शिरपूरकडचा, गाडीवर असतो. धुळ्याला आग्रा रोड आणि सुरत-नागपूर रोड एकमेकांना छेदतात, तिथल्या ढाब्यावरून लिहितोय. दुसऱ्या लाईनवर आहे, म्हणजे पहिल्या गोळ्या लागू पडेनात तेव्हा देतात त्या, टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडीन आणि अटाझानाव्हिर-रिटोनाव्हिर. दोनदा मुतखडा झाला. आपल्याकडे उन्हाळ्यात कोणाला होत नाही, म्हणून मी मनावर घेतलं नव्हतं. केबिनमध्ये भट्टी, पाणी प्यायलं की गाडी थांबवावी लागते, म्हणून पाणीच कमी प्यायचो. दुसऱ्या वेळी एक्स-रेमध्ये खडा दिसेना आणि कळा तर थांबेनात. शेवटी एका डॉक्टरने गोळ्यांची नावं विचारली. अटाझानाव्हिरचाच खडा बनतो म्हणाले, तो एक्स-रेवर दिसत नाही. शिवाय रिटोनाव्हिरने टेनोफोव्हिरचं रक्तातलं प्रमाण वाढतं. मला हे आधी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. आता पाच लिटरचा कॅन सीटजवळ असतो, लघवी पिवळीधमक दिसली की आधी पाणी. पुढच्या भेटीत औषध बदलता येतं का विचारणार आहे.

गिरणाथडी (१३ मे, सकाळी ८.०५)

ताई, आमच्या मामांना किडनीसाठी एका वैदूची पुडी आणि काढा लागू पडला होता. हवं तर पत्ता देतो. मनापासून सांगतोय, रागावू नका.

सातपुडा_पायथा (१३ मे, सकाळी ८.५०)

दादा, तुमच्या मनात चांगलंच आहे, म्हणून रागावत नाही. पण मी नर्स आहे, नंदुरबार जिल्ह्यात वरच्या पाड्यांवर काम करते, आणि अशा पुड्यांनी सुजलेली माणसं मी पाहिली आहेत. पुडीत काय आहे ते लिहिलेलं नसतं. कुणी त्यात दुखण्याची गोळी किंवा स्टेरॉइड कुटून घालतं, काही भस्मांत शिसं आणि पारा निघालेला आहे. ज्या नळ्या आधीच दुखावल्या आहेत त्यांना हे झेपणार नाही. ताईंना पुडी नको.

आमच्याकडची अडचण वेगळी. लोक ऊसतोडीला गुजरातेत जातात, महिन्यांच्या गोळ्या एकदम नेतात. तिकडे अंग दुखलं की इंजेक्शन. वजन कोण करणार आणि लघवी कोण तपासणार? त्यात भिल्ल-पावरा समाजात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार पुष्कळ. सिकलसेल स्वतःच किडनीला त्रास देतो, आणि त्यात क्रिएटिनिन उगाच कमी दिसतं. माझ्याकडे धडगाव भागातली एक बाई आहे, सिकलसेल आणि टीएलडी दोन्ही, क्रिएटिनिन ०.७. सगळे म्हणतात उत्तम आहे. काकांचं वाचून मला रात्रभर तिचाच विचार आला.

एक विचारते, केळीपट्टा ताई. गावातल्या डॉक्टरांना तुम्ही एआरटीचं सांगितलं होतं का?

केळीपट्टा (१३ मे, संध्याकाळी ६.३०)

नाही सांगितलं. कसं सांगणार? त्यांचा कंपाउंडर आमच्याच गल्लीत राहतो. पती गेले तेव्हा माझी भांडी वेगळी केली होती लोकांनी. मुलीचं सासर आठ किलोमीटरवर आहे. म्हणून तर मी जवळचं सेंटर सोडून लांब जाते.

सातपुडा_पायथा (१३ मे, संध्याकाळी ७.१५)

ताई, तुमचं काही चुकलं नाही. पण आजार न सांगताही किडनी सांगता येते. "माझी किडनी नाजूक आहे, मोठ्या डॉक्टरांनी दुखण्याच्या गोळ्या बंद केल्यात, पॅरासिटामॉलच द्या." एवढं वाक्य पुरतं. पुढे कोणी खोदून विचारत नाही, किडनी म्हटलं की सगळेच जपून औषध देतात. मी माझ्या बायांना हे वाक्य पाठ करून घेते.

आणि कायदा तुमच्या बाजूने आहे. २०१७ चा एचआयव्ही कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. तुमच्या संमतीशिवाय तुमची माहिती दवाखान्यातून बाहेर जाता कामा नये. काही विचारायचं असेल तर १०९७ वर फोन करा, पैसे लागत नाहीत, नाव सांगावं लागत नाही.

केळीपट्टा (१५ मे, रात्री ८.४०)

काल जाऊन आले. पहाटेची एसटी धरली. आत गेल्यावर आधी वजन करा म्हटलं. काटा कपाटामागे होता, सिस्टरनी स्वतः ओढून काढला. ४१.२. त्या पुस्तकाची पानं चाळत बसल्या, काही बोलल्या नाहीत, मग माझा हात धरला. मला त्यांच्यावर राग नाही, दीडशे माणसांची रांग आणि दोन माणसं कामाला.

टेनोफोव्हिर काढलं. आता अबाकाव्हिर, लॅमिव्हुडीन आणि डोलुटेग्राव्हिर. छातीचा एक्स-रे साफ, थुंकीची टीबी तपासणी निगेटिव्ह. फॉस्फरसच्या पुड्या आणि कॅल्शियम दिलंय.

तापीकाठ (१५ मे, रात्री ९.३०)

फार बरं वाटलं. दोन-तीन गोष्टी विचारून खात्री करा. तुमची हिपॅटायटिस-बी ची तपासणी झाली आहे ना? टेनोफोव्हिर त्या विषाणूलाही दाबून ठेवतं. हिपॅटायटिस-बी असेल आणि टेनोफोव्हिर नुसतंच काढलं तर कावीळ उसळू शकते, तिथे त्यासाठी वेगळी गोळी जोडावी लागते.

अबाकाव्हिरने थोड्या लोकांना ॲलर्जी येते, बहुधा पहिल्या सहा आठवड्यांत. ताप, अंगावर पुरळ, उलट्या, धाप असं एकत्र आलं तर त्याच दिवशी सेंटर गाठा. ती ॲलर्जी ठरली तर ते औषध आयुष्यात पुन्हा घ्यायचं नसतं, म्हणून ते पुस्तकावर मोठ्या अक्षरात लिहून घ्यायचं.

कॅल्शियम आणि डोलुटेग्राव्हिर रिकाम्या पोटी एकत्र घेतलं तर गोळी अंगी लागत नाही. एक तर दोन्ही जेवणासोबत घ्या, नाही तर डोलुटेग्राव्हिर कॅल्शियमच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर. लोहाच्या गोळीलाही हेच.

आणि केळी! राहूनच गेलं. किडनी खूप निकामी होऊन रक्तातलं पोटॅशियम चढतं तेव्हा केळी बंद करतात. तुमचं पोटॅशियम ३.३, उलट कमी आहे. तुमच्या नळ्या तेही बाहेर टाकत होत्या. केळी खा. ज्यांचं पोटॅशियम वाढलेलं आहे त्यांनी मात्र हे वाचून खाऊ नये, आपापला रिपोर्ट बघावा.

केळीपट्टा (१५ मे, रात्री ९.५०)

हिपॅटायटिस-बी निगेटिव्ह आहे, पुस्तकात शिक्का आहे. केळीचं वाचून रडू आलं. उद्या शेजारणीला वाचून दाखवते, किडनीपुरतंच.

प्रयोगशाळेतला (१६ मे, सकाळी ६.५०)

ताई, दर भेटीला वजन आणि क्रिएटिनिन शेजारी शेजारी स्वतः लिहून ठेवत जा, पुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानावर. हिशोब जमला नाही तर इथे टाका, मी करून देईन. मला आता तेवढाच उद्योग आहे.

केळीपट्टा (१८ ऑगस्ट, रात्री ९.००)

तीन महिने झाले, सांगायचं होतं. पुरळ-ताप काही झालं नाही. वजन ४२. क्रिएटिनिन ०.९. काका, मी स्वतः केला हिशोब, ५१ आला, बरोबर आहे का? लघवीतली साखर गेली, प्रोटीन एक प्लसवर आलं. फॉस्फरस २.७. डॉक्टर म्हणाले पूर्ण पहिल्यासारखं होईलच असं नाही, पण वाट बरोबर आहे. टाचेचं दुखणं सकाळी असतं, दुपारपर्यंत निवतं. ओट्याची पायरी हात न टेकता चढते. व्हायरल लोडचं रक्त दिलंय.

गावातल्या डॉक्टरांकडे तापासाठी गेले होते. सातपुडा ताईंचं वाक्य जसंच्या तसं म्हटलं. त्यांनी चिठ्ठीवर लाल पेनाने लिहिलं, पेनकिलर नको. कंपाउंडरनेही काही विचारलं नाही.

प्रयोगशाळेतला (१९ ऑगस्ट, सकाळी ६.४०)

५१.२. बरोबर आहे.

केळीपट्टा (१९ ऑगस्ट, रात्री ८.१५)

पुढची तारीख नोव्हेंबरची आहे, लघवी आणि फॉस्फरस परत बघणार आहेत. रिपोर्ट आला की टाकते. सातपुडा ताई, धडगावच्या त्या बाईंची लघवी तपासली का? त्यांचं वय आणि वजन कळवा. वजन काट्यावरचं पाहिजे.